नारबोदनं नेलेली डबी

पोळ्याच्या दोन दिवस आधी योगेश्वरी थर्माकोलचा डबा छातीशी धरून घरात शिरली, तेव्हा हुकुमचंद बिसेन यांना वाटलं, पोरीनं गोंदियाहून बालूशाही आणली. त्यांनी हौसेनं हात पुढे केला. तशी ती ओरडली, "बाबूजी, हात नका लावू! जंतू हायेत त्याच्यात." हुकुमचंदांनी हात इतक्या झटक्यात मागे घेतला की कोपर कपाटाला आपटलं आणि वरचा टॉर्च खाली पडून फुटला.

हुकुमचंदांबद्दल दोनच गोष्टी सांगायला हव्यात. ते पंचायत समितीतून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले होते आणि ते अतिशय भित्रे होते. आभाळ आलं की ते टीव्हीची वायर काढून ठेवत. रेल्वे फाटक उघडं असलं तरी सायकलवरून उतरून दोन्हीकडे बघत आणि मग पुन्हा एकदा बघत. अंधाराची तर त्यांना फारच धास्ती. म्हणून सालेकसा तालुक्यातल्या त्या नाल्याकाठच्या गावात पहिला इन्व्हर्टर त्यांनी आणला, तोही दोन मोठ्या बॅटऱ्यांचा. लोडशेडिंगमध्ये अख्खं गाव चिमणी शोधत असताना बिसेनांच्या घरी ट्यूबलाइट जळे आणि फ्रीजही घुर्र करत राही. लोक त्याला श्रीमंती समजत. हुकुमचंदांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

नेमक्या त्या फ्रीजपायीच हे संकट घरी चालत आलं. योगेश्वरी गोंदियाच्या कॉलेजात बायोटेक्नॉलॉजीची एम.एस्सी. करत होती. पोळ्याला कॉलेज बंद, आणि सुटीत आग लागू नये म्हणून प्राचार्यांच्या हुकमानं मेन स्विचच पाडलेला. कॉलेजातले फ्रीज बंद पडणार म्हटल्यावर तिच्या गाइड रामटेके मॅडमनी साऱ्या विद्यार्थ्यांना सांगितलं, आपापलं काम आपापल्या भरवशावर सांभाळा, आणि बाहेर कुठं बोलू नका.

"म्हंजे हे चोरून आणलंस तू?" हुकुमचंदांनी खिडकी लावून घेतली.

"चोरून कायचं, बाबूजी? माझेच तर जंतू हायेत."

मग तिनं वडिलांना समजावून सांगितलं, आणि इथंच तिची चूक झाली. समुद्रात जेलीफिश नावाचा एक प्राणी असतो, तो अंधारात हिरवा चमकतो. त्याचा चमकण्याचा गुण उचलून एका साध्या जंतूत बसवायचा, हा तिचा प्रकल्प. वर्षभर जमलं नव्हतं. परीक्षा तशी उन्हाळ्यातच व्हायची, पण मॅडमनी विद्यापीठाच्या विनवण्या करून मुदत वाढवून घेतली होती. ही शेवटची मुदत. आता सुटी लागायच्या दिवशी कुठं तो गुण लागल्यासारखा दिसत होता. बाहेरून परीक्षक येतील, त्यांना तो दाखवला की एम.एस्सी. झाली. नाही दाखवला तर दोन वर्षं पाण्यात.

हुकुमचंदांच्या डोक्यात यातलं एवढंच शिरलं, की समुद्रातला कुठला तरी प्राणी जंतूच्या पोटात घालून आपल्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवला आहे.

त्यात ते स्वाइन फ्लूचं वर्ष. पुण्यात लोक मास्क लावून फिरत होते, पेपरात रोज नवा आकडा येत होता. गावात कुणाला शिंक आली तरी चार माणसं बाजूला सरत. हुकुमचंदांनी घाबरत घाबरत शेजारच्या दुलीचंदांना विचारलं, "जंतू समजा डब्यात असले, तर वाढतेत का जी?" दुलीचंद सरकारी दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. त्यांना कुणी काही विचारलं की फार बरं वाटे.

"वाढतेत? अवो बाबू, वीस मिनिटाले दुप्पट! सकाळी एक असला त संध्याकाळपर्यंत भारताची लोकसंख्या मांगं पडते. पण तुमी काऊन इचारून रायले?"

"असंच," असं म्हणून हुकुमचंद घरी आले आणि त्यांनी फ्रीजच्या दाराला सुतळी बांधली.

ती सुतळीच नडली. पोळ्याला अर्ध्या आळीचं दही, चक्का आणि कणकेचे गोळे बिसेनांच्या फ्रीजमध्ये येत, हा रिवाज होता. आळीतल्या दुधरामची बायको दह्याचं गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आली, तर दाराला सुतळी. मुन्नीबाई, म्हणजे हुकुमचंदांची पत्नी, खोटं बोलायला कच्ची. "योगूचं काहीतरी हाये आत, बाई," ती म्हणाली, "कॉलेजचं. जिवंत हाये म्हंते." दुधरामची बायको गंज घेऊन परत गेली, आणि बैलांच्या शिंगांना रंग लागायच्या आत गावभर झालं की बडे बाबूंच्या पोरीनं पुण्याचा ताप डब्यात भरून आणला.

पोळ्याच्या दुपारी मॅडमचा फोन आला. परीक्षक एक दिवस आधी, तेरवाऐवजी परवाच येत होते. योगेश्वरीला ताबडतोब जाऊन पुढची तयारी करायला हवी होती, पण कॉलेजची लाइन सकाळी इलेक्ट्रिशियन आल्यावरच सुरू होणार होती. "डबा सकाळच्या गाडीनं तुमी आणा, बाबूजी," ती म्हणाली. "थंडा रायला पायजे बस. उघडू नका." हुकुमचंदांनी होकार दिला. नाही म्हणायचीही त्यांना भीतीच वाटत असे.

ती रात्र त्यांनी फ्रीजपासून सर्वांत लांबच्या खोलीत घालवली.

दुसऱ्या दिवशी नारबोद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना आपल्याकडे तणसाची नि पळसाच्या पानांची नारबोद, म्हणजे एक बाहुली, करून गावाबाहेर नेतात. घराघरातली फुटकी मडकी, जुनी खराटी, जे जे वाईट ते ते तिच्यासोबत जातं. शिवेपलीकडे तिला जाळायचं आणि मागे न बघता परत यायचं. एकदा नारबोदनं नेलं ते पुन्हा गावात आणायचं नाही. सगळं गाव गल्लीगल्लीतून ओरडत जातं, "ढेकूण-मोंगसा घेऊन जा री, नारबोद! खासी-खोकला घेऊन जा री, नारबोद!" त्या वर्षी त्यात भर पडली होती. "पुन्याचा ताप घेऊन जा री, नारबोद!" ही आरोळी बिसेनांच्या दारापाशी आली आणि तिथंच थांबली.

हुकुमचंदांनी दाराच्या फटीतून पाहिलं. समोर दुधराम. नारबोदचा मान दरवर्षी त्याचा, आणि आवाज असा की शेजारच्या गावातली नारबोदही दचकावी. मागे पन्नासेक माणसं, बहुतेकांच्या तोंडाला गमछे.

"बडे बाबू, डबा द्या."

"कोणता डबा?"

"जंतूचा. आमाले सारं मालूम हाये. आमच्या घरी लेकरं हायेत."

"अरे, तो सरकारी डबा हाये," हुकुमचंदांनी ठेवणीतला आवाज काढला. पंचायत समितीत या आवाजानं माणसं परत जात. इथं कुणी हललं नाही.

"सरकारी असो का बिनसरकारी. डबा द्या, नायतर आमी आत येतो."

हुकुमचंदांनी दाराची कडी घट्ट धरली. एकीकडे पोरीला दिलेला शब्द, दुसरीकडे पन्नास माणसं आणि आत वीस मिनिटाला दुप्पट होणारी लोकसंख्या. पण बडे बाबू ते बडे बाबू. सगळं आयुष्य त्यांनी तडजोडीवर काढलं होतं. दोन पक्ष भांडत आले की दोघांनाही थोडं थोडं देऊन दोघांनाही नाराज करायचं, ही त्यांची हातोटी. ते म्हणाले, "सारा डबा भेटणार नाही. त्यातला सगळ्यात खराब जंतू तेवढा देतो. मंजूर?"

दुधरामनं मागे बघितलं. कुजबूज झाली. "मंजूर," तो म्हणाला.

हुकुमचंदांनी नाकाला रुमाल बांधला, हाताला प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, सुतळी सोडली आणि डबा उघडला. आत पारदर्शक झाकणांच्या चपट्या गोल डब्या एकावर एक रचलेल्या. प्रत्येकीत खरवसासारखा पिवळसर थर. बडे बाबूंनी एकेक डबी लांबून उजेडाकडे धरली. पहिली स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरी, चौथी, सगळ्या कशा निर्मळ. पोरीचं काम नीटनेटकं होतं, याचं त्यांना कौतुक वाटलं. अगदी खालच्या डबीत मात्र मधोमध एक ठिपका होता, खसखशीच्या दाण्याएवढा. हाच तो. साऱ्या फसादाचं मूळ हाच. हुकुमचंदांनी ती डबी चिमट्यात धरून नारबोदच्या तणसात खुपसली. गावानं आरोळी ठोकली आणि मिरवणूक नाल्याकडे निघाली.

आपण आज पोरीचं काम वाचवलं, गावाचं समाधान केलं आणि घरातला रोगही घालवला, अशा अभिमानात त्यांनी आंघोळ केली. मुन्नीबाईनं पोळ्यासाठी नव्या पावडरीत धुऊन, नीळ देऊन पांढरंशुभ्र केलेलं बनियान नि पायजमा त्यांनी घातला आणि योगेश्वरीला फोन लावला.

"बाबूजी, निघाले का?"

"निघतो. पण आधी आयक. गावच्या लोकाइनं डबा मांगतला, तरी म्या देल्ला नाही. फक्त एक खराब झालेली डबी देल्ली. ठिपका पडला होता तिच्यावर. बाकी साऱ्या साफ हायेत, तू काई चिंता नको करू."

हुकुमचंद शाबासकीची वाट बघू लागले. मग त्यांना वाटलं, रेंज गेली.

"बाबूजी," अखेर ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता, "साफ डब्यात काईच नाही. त्याच्यात काही उगवतच नाही, हे दाखवाले आणल्या होत्या त्या. तो ठिपका... तोच तर हाये. वर्षभरात तो एकच झाला."

मग ती रडायला लागली. योगेश्वरी फोनवर कधी रडत नसे. हुकुमचंद आजवर ज्या ज्या गोष्टींना घाबरले होते, त्यांतली एकही या रडण्याइतकी भीतीदायक नव्हती. त्यांनी फोन मुन्नीबाईच्या हातात दिला आणि बनियान-पायजम्यावरच ते नाल्याकडे पळाले. पायात चप्पल आहे की नाही हेही त्यांनी पाहिलं नाही. ती नव्हती.

लोक मागे न बघता परत येत होते. बडे बाबू त्यांच्यामधून उलटे धावत गेले. नाल्याला गुडघाभर गढूळ पाणी होतं. एरवी त्यांनी तिथं काठीनं खोली मोजली असती, सापाची चौकशी केली असती. आज ते सरळ घुसले. पलीकडे नारबोद पडलेली, तिच्यातून धूर निघत होता. तणीस पावसानं ओली असल्यानं ती पेटली मात्र नव्हती, नुसती धुमसत होती. हुकुमचंदांनी त्या धुरात दोन्ही हात घातले. फुटकी मडकी, कुणाचा तरी दाढीचा जुना ब्रश, औषधाच्या रिकाम्या बाटल्या हाती लागल्या, आणि शेवटी ती डबी. एका कडेला तडा गेला होता, पण झाकण पक्कं होतं. आत ठिपका जागच्या जागी होता. हुकुमचंदांच्या तोंडून "बाप्पा रे" असा आवाज निघाला आणि पाठोपाठ धुरामुळे खोकल्याची उबळ आली.

तो खोकला अलीकडच्या काठावर ऐकू गेला. दुधराम वळला. नारबोदच्या दिवशी तो जन्मात पहिल्यांदा वळला असेल.

"बडे बाबू! काय करून रायले तुमी? ठेवा ते खाली!"

"देत नाही!" हुकुमचंद ओरडले. ओरडल्यावर त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"मंग गावात पाय ठेवू नका! नारबोदनं नेलेलं गावात आणता येत नाही. अन् खोकलूनही रायले तुमी!"

पाहता पाहता काठावर गर्दी जमली. दुलीचंद कंपाउंडर सर्वांना चार पावलं मागे सरकायला सांगू लागले. हुकुमचंद पाण्यापर्यंत आले की समोरची रांग ढेकळं उचले. ज्या गावानं अठ्ठावीस वर्षं 'बडे बाबू, बडे बाबू' म्हटलं, त्याच गावानं त्यांना अनवाणी, बनियानवर, फुटक्या मडक्यांच्या पंगतीत उभं करून ठेवलं. अपमानानं त्यांचे कान तापले. तेवढ्यात गर्दीतून मुन्नीबाई पुढे आली. तिनं एक गाठोडं गरगरा फिरवून नाल्यापलीकडे फेकलं. त्यात कोट होता, गमछा होता, चपला होत्या आणि कोटाच्या खिशात भाड्याचे पैसे होते.

"अवो, शेतातून जा!" ती ओरडली. "गावात कायले येता? स्टेशन तिकडूनही येते!"

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं आपल्याला धीट समजण्याची चूक पहिल्यांदाच केली, हे हुकुमचंदांच्या लक्षात आलं. आता तिला चूक ठरवणं बरं दिसलं नसतं. डबी कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी ती बनियानाच्या आत पोटावर ठेवली, वरून गमछा घट्ट बांधला, कोटाची बटणं लावली आणि धानाच्या बांध्यांवरून स्टेशनची वाट धरली. पोटावर गारगार डबी. वीस मिनिटं झाली की ते मनात म्हणत, झाले दुप्पट.

गाडीत खच्चून गर्दी होती. हुकुमचंद दाराशी कसेबसे चढले आणि धूर अजून छातीत असल्यानं दोनदा खोकले. समोरच्या बाईनं पदर नाकाला लावला. एकानं विचारलं, "काकाजी, पुना से आ रहे हो क्या?" हुकुमचंदांनी नकारार्थी मान हलवली, पण तेवढ्यात तिसऱ्यांदा खोकला आला. दोन मिनिटांत बाक रिकामा झाला. आयुष्यात पहिल्यांदा पॅसेंजर गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली आणि तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. पोटावरची डबी आता गार लागत नव्हती. ती कोमट झाली होती. "थंडा रायला पायजे," असं पोर बजावून गेली होती. आपण दुसऱ्यांदा घात केला या विचारानं ते गोंदिया येईपर्यंत एकटेच, हात पोटाशी धरून बसले आणि अगदी लाज सोडून रडले.

गोंदियात ऑटोवाल्यानं त्यांच्याकडे पाहून "अपने को नहीं जाना" म्हटलं. हुकुमचंद कॉलेजपर्यंत चालत गेले. प्रयोगशाळेच्या दारात योगेश्वरी उभी होती. तिचे डोळे सुजले होते. शेजारी पांढऱ्या कोटात अल्का रामटेके मॅडम.

"आणली," हुकुमचंद म्हणाले. "पण गरम झाली. माझी चूक हाये. तुले कितीदा नापास करतो मी, सांग." त्यांनी कोट काढला, गमछा सोडला आणि बनियानातून डबी काढून पोरीच्या हातात दिली.

तिनं डबी उजेडाकडे धरली. मग मॅडमकडे दिली. त्यांनीही ती उजेडाकडे धरली. "लाइट बंद करा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी डबी टेबलावर ठेवली, खिडक्यांचे काळे पडदे ओढले. खोलीत मिट्ट अंधार झाला. हुकुमचंद भिंतीला चिकटले. मग खटका वाजला आणि एक जांभळा दिवा लागला.

हुकुमचंदांनी खाली पाहिलं. त्यांचं बनियान चमकत होतं. पोट, खांदे, खाली पायजमासुद्धा, सगळं निळसर पांढरं उजळलं होतं.

"योगू!" त्यांनी किंकाळी फोडली. "मले लागले! साऱ्या आंगाले लागले! तुज्या मायले सांग, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी टाकत जा!"

"बाबूजी! बाबूजी, साबन हाये तो!" योगेश्वरीनं त्यांचे दोन्ही खांदे धरले. ती हसत होती की रडत होती ते अंधारात कळत नव्हतं. "मायच्या धुण्याच्या पावडरीचा उजेड हाये. या दिव्यात धुतलेला कपडा असाच दिसते. तुमी इकडं पाहा. इकडं."

हुकुमचंदांनी डोळ्यांवरचा हात काढला. टेबलावर डबी होती. तिच्या मधोमध मुगाच्या दाण्याएवढा ठिपका हिरवा उजळला होता. काजव्यासारखा, पण न विझणारा.

"सकाळी तर खसखशीएवढा होता," ते पुटपुटले.

"यांना वाढायला सदतीस डिग्री लागतं, काकाजी," मॅडम म्हणाल्या. "माणसाच्या अंगात असतं तेवढंच. आमचं मशीन लाइन नाही म्हणून आत्तापर्यंत बंद होतं. अजून एवढासाच असता तर उद्या परीक्षकांना काय दाखवलं असतं? तुम्ही पोटावर उबवून आणलात."

"अन् यायच्यापासून धोका?" हुकुमचंदांनी विचारलं.

"धोका यांनाच. हे जंतू फार नाजूक असतात. प्रयोगशाळेबाहेर सोडले की मरतात."

हुकुमचंद त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिले. इतका भित्रा जीव त्यांनी आजवर आरशाखेरीज कुठं पाहिला नव्हता. त्यांना त्याची फार माया आली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा पार पाडून बाप-लेक गावी आले. परीक्षकांनी प्रश्न विचारला होता, ठिपका कोणत्या यंत्रात वाढवला? योगेश्वरीनं खरं सांगितलं. त्यावर ते गृहस्थ चष्मा काढून हसले आणि त्यांनी तिला पास केलं. नाल्याच्या काठावर दुधराम आणि मंडळी वाट बघत होती.

"डबी कुठं हाये, बडे बाबू?"

"गोंदियाले. नारबोद घेऊन गेली," हुकुमचंद म्हणाले. यात एक शब्दही खोटा नव्हता. दुधरामनं विचार केला, मान डोलावली आणि त्यांना हात देऊन नाला ओलांडून दिला.

संध्याकाळी जेवताना लाइन गेली. सवयीनं मुन्नीबाई इन्व्हर्टरकडे धावली. "राहू दे," हुकुमचंद म्हणाले. ती जागच्या जागी थांबली. लग्न झाल्यापासून तिनं हे वाक्य ऐकलं नव्हतं.

"काऊन? तब्येत बरी नाही का?"

"बरी हाये. तू बस."

अंधार झाला. चांगला काळाकुट्ट, ताटातला भात दिसेना असा. हुकुमचंदांनी हळूच मान खाली घालून आपल्या बनियानाकडे पाहिलं. ते काही चमकत नव्हतं. त्यांना जरा वाईट वाटलं. मग त्यांनी पोटावर हात ठेवला, नेमका डबी होती तिथं, आणि अंधारातच पुढचा घास घेतला.